वेगळा कप आणि चौथे शील



रविवारची वंदना संपून माणसे पांगली की विहारात दोन-चार स्त्रिया मागे रेंगाळतात. भर सभेत विचारता येत नाहीत असे प्रश्न त्या वेळी निघतात. त्यांतला एक प्रश्न निरनिराळ्या तोंडून, पण जवळजवळ त्याच शब्दांत, वारंवार ऐकू येतो. "गंगापूर रोडला चार घरी माझे पोळ्यांचे काम आहे. तिथे मी आडनाव दुसरेच सांगितले आहे. खरे सांगितले तर पोळ्या जातील आणि भांडी राहतील. मग रोज सकाळी चौथे शील म्हणू की नको?"

शील म्हणजे केवळ पाठ करण्याच्या चार ओळी अशी ज्याची समजूत आहे, त्याला हा प्रश्न कधी पडणार नाही. ज्या बाईला तो पडतो तिने दीक्षा मनापासून घेतलेली आहे. म्हणून तिला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही. "पोटासाठी सगळे चालते" हे उत्तर धम्माचे नव्हे. "शील मोडले, आता भोगा" हेही नव्हे. असल्या शापवाणीला पाठ फिरवूनच आपण या मार्गावर आलो. तेव्हा प्रश्न नीट उलगडून पाहू. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेपर्यंत, जावे लागेल. काळ्या लोकांचा प्रश्न आपल्याला परका नाही. १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी त्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि आपल्या स्थितीतले साम्य दाखविले होते.

कॅथरिन स्टॉकेट या अमेरिकन लेखिकेची 'द हेल्प' ही कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. २०११ साली तिच्यावर चित्रपट निघाला. 'हेल्प' म्हणजे मदत. तिकडे घरातल्या मोलकरणीलाही हाच शब्द वापरतात. (किती खुबीचा शब्द! नोकराला नोकर म्हणायला जीभ कचरते म्हणून 'मदत' म्हणायचे. आपल्याकडे 'मावशी' म्हणतात आणि मावशीचा कप खिडकीत पालथा घालून ठेवतात.) कादंबरीतील गोष्ट मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात, १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत घडते. एबिलीन ही काळी मोलकरीण. गोऱ्यांची सतरा मुले तिने अंगाखांद्यावर वाढवली. तिची मैत्रीण मिनी स्वयंपाकात कोणाला हार जात नाही, पण तोंडाची फटकळ म्हणून कामावरून निघते. आणि हिली नावाची एक गोरी बाई आहे. तिने एक चळवळच चालविली आहे: प्रत्येक गोऱ्या घरात काळ्या मोलकरणीसाठी वेगळा संडास बांधावा. कारण काय, तर काळ्यांचे रोग निराळे असतात. आरोग्याचा प्रश्न आहे, दुसरे काही नाही!

एक गोरी तरुणी या मोलकरणींच्या कहाण्या लिहून काढते आणि त्यांचे पुस्तक निघते. त्या पुस्तकावर कोणाचे नाव नसते, शहराचे आणि माणसांची नावे बदललेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. लेखिका स्वतः गोरी, आणि काळ्यांच्या मुक्तीची सूत्रे तिने गोऱ्या मुलीच्या हाती दिली, अशी टीका या कादंबरीवर झाली. ती रास्तच आहे. आपल्याकडे बाबुराव बागूल, बेबीताई कांबळे यांनी आपले आपण लिहिले, कोणा दयाळू मालकिणीच्या लेखणीची वाट पाहिली नाही. परंतु कादंबरीतला तो संडास खरा आहे, आणि तो आपल्याला काही शिकवतो.

पाहा, जॅक्सनमध्ये काळ्या बाईने तळलेली कोंबडी चालते. तिने मळलेले पीठ चालते. तिच्या मांडीवर तान्हे मूल झोपते, आजारी पडले तर तीच रात्रभर जागते. संडास मात्र चालत नाही आणि एका टेबलाशी बसणे चालत नाही. आपल्या गावगाड्यात याच्या उलट होते. अस्पृश्य बाई वाड्याचे शेण काढी, अंगण झाडी, लाकडे फोडी; चुलीपर्यंत तिची सावलीही पोचत नसे. बेबीताईंनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात आपले आजोबा युरोपियन साहेबांकडे बटलर होते असे सांगितले आहे. म्हणजे ज्या हाताने वाढलेले जेवण राज्यकर्ता साहेब जेवत होता, त्याच हाताचे पाणी गावातला भिकारीसुद्धा पीत नव्हता. साहेब काही समतावादी नव्हता. त्याच्या क्लबात त्या बटलरला बसता आले नसते. परंतु साहेबाला स्वयंपाक हवा होता म्हणून चूल विटाळत नव्हती. गावच्या पाटलाला शेण काढून हवे होते म्हणून गोठा विटाळत नव्हता. जिथे श्रमाची गरज असते तिथे विटाळ थांबतो आणि जिथे बरोबरीची भीती असते तिथे सुरू होतो. मग त्याला रोगाचे नाव द्या, सोवळ्याचे द्या, नाहीतर "आमच्या सासूबाईंना चालत नाही" म्हणा.

आता आपल्या नाशकात या. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोडच्या सोसायट्या. सकाळी सातपासून आपल्या वस्त्यांतल्या आणि आसपासच्या बायका तिकडे चालू लागतात. घरकामात एक चढती भाजणी आहे. सगळ्यांत खाली संडास-बाथरूम, त्यावर केर-फरशी, त्यावर धुणीभांडी, आणि वर पोळ्या व स्वयंपाक. वर जावे तसा पगार वाढतो, वागणूक सुधारते, कंबर थोडी कमी मोडते. मोरीपासून ओट्यापर्यंतचे अंतर चार पावलांचे. पण ती चार पावले टाकताना आडनाव विचारले जाते. भांडी घासायला आडनाव फारसे लागत नाही, पोळी लाटायला लागते. तीच भांडी, त्याच घरची, तीच बाई! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा नकाशा पाहायला ग्रंथालयात जायला नको. एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो काढलेला आहे.

आणि इथेच जॅक्सनची एबिलीन व आपली भगिनी यांच्या वाटा फुटतात. एबिलीनला रंग लपविता येत नव्हता. तिला दारात पाहताच गोऱ्या बाईला सारे कळत होते. त्यामुळे "तू कोण?" हा प्रश्न तिला कधी कोणी विचारला नाही. आपली जात कातडीवर लिहिलेली नाही. ती चौकशी करूनच काढावी लागते. आडनाव काय? गाव कोणते? राहायला कुठे? तुमच्याकडे देव कोणते? लग्न कोणत्या पद्धतीने लावतात? या चौकशीतून निसटण्याची एक फट आपल्याला आहे. ती एबिलीनला नव्हती. ही सोय आहे की सापळा?

आपल्याच जिल्ह्याच्या एका थोर लेखकाने साठ वर्षांपूर्वी या प्रश्नाला हात घातला होता. नाशिक रोडजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बाबुराव बागूल पुढे मुंबईच्या माटुंगा लेबर कँपात वाढले, सुरतेकडे रेल्वेत नोकरीला लागले, आणि तिथे खोली मिळावी म्हणून जात लपविण्याची पाळी त्यांच्यावर आली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतल्या तरुणाची जात उघडी पडते आणि त्याला बेदम मारले जाते. त्या शीर्षकातला 'चोरली' हा शब्द पाहा. जात लपविली असे नाही, चोरली. म्हणजे जगाने त्याला चोर ठरविले. कोणाचे काय चोरले त्याने? भाडे तो देतच होता.

कथा जुनी झाली असे कोणाला वाटत असेल तर पुण्याचा प्रकार आठवावा. सप्टेंबर २०१७ मध्ये हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीण बाईंविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. गौरी-गणपती आणि श्राद्धाच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी त्यांना ब्राह्मण, सवाष्ण बाई हवी होती. या बाईंनी आपण तशा आहोत असे खोटे सांगितले, असा आरोप होता. पोलिसांनी तोतयेगिरीच्या कलमाखाली गुन्हा नोंदविला. स्वयंपाकीण बाईंनी आरोप नाकारले. सगळीकडून निषेध झाला आणि काही दिवसांनी फिर्याद मागे घेण्यात आली. त्या बाई मराठा समाजातल्या होत्या, आपल्यातल्या नव्हत्या. पाऊस कधी येईल हे विज्ञानाने सांगणाऱ्या खात्यातल्या व्यक्तीला पोळी कोणाच्या हातची हे जातीने ठरवावेसे वाटले, याचे हसू आले तरी हसून सोडू नका. बाई चांगली शिजवत नव्हती किंवा चोरी करीत होती अशी ती तक्रार नव्हतीच. खाल्लेले अन्न गोड लागले, पण करणारीची जात कळल्यावर ते मागाहून विटाळले!

१९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने (पुढे त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले) देऊळ, विहीर, हॉटेल, दुकान यांची दारे उघडली. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष दारापाशी बसले. देवळाच्या दारात सत्याग्रह करता येतो. कोणाच्या ओट्यासमोर तो करता येत नाही. घरमालकीण म्हणेल, माझ्या घरात कोणाला ठेवायचे ते मी ठरवीन. तिथे बाई एकटी असते, दार बंद असते, आणि महिनाअखेर पगार त्याच हातातून घ्यायचा असतो. अमेरिकेतही असेच झाले. ज्या १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली, त्याच वर्षी तिकडे म्हातारपणाच्या निर्वाहाचा मोठा कायदा झाला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. आणि दक्षिणेतले काळे लोक मुख्यतः याच दोन कामांत होते. घराच्या उंबऱ्याशी आले की कायद्याचे पाय अडखळतात.

आता मूळ प्रश्न. खोटे आडनाव सांगणे हा मुसावाद आहे का?

तथागतांनी स्वतःच्या मुलाला, राहुलाला, थट्टेतसुद्धा खोटे बोलू नकोस असे बजावले होते. तेव्हा धम्म असत्याला सवलत देतो असे मी म्हणणार नाही. परंतु मुसावाद कशाला म्हणतात ते पाहा: खोटी गोष्ट खरी म्हणून दुसऱ्याच्या गळी उतरविण्याचा हेतू आणि तसे बोलणे. कोणी आडनाव विचारले आणि आपण "काम बघा, जात कशाला विचारता?" म्हटले तर तो मुसावाद नाही. हसून विषय बदलला तरी नाही. आपण काही बोललोच नाही आणि समोरच्याने गोरा रंग, नीट साडी, शुद्ध बोलणे पाहून काही भलतेच समजून घेतले, तर ती त्याच्या डोक्यातली घाण आहे. ती धुवायला आपल्याला कोणी ठेवलेले नाही. जो प्रश्न माणसाला हीन ठरविण्यासाठीच विचारला जातो त्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणाचेही कर्तव्य नाही.

परंतु परके आडनाव लावून सांगणे हे असत्यच. आणि त्यात मालकिणीचे काय बिघडते हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. तिचे काहीच बिघडत नाही, तिला गरम पोळी मिळते. बिघडते ते आपल्या घरात. एकदा दुसरे आडनाव घेतले की ते एकटे येत नाही, बरोबर बिऱ्हाड घेऊन येते. वटपौर्णिमेला "तुम्ही वडाला गेला नाहीत?" असे विचारले की गेले होते म्हणावे लागते. चैत्रात हळदीकुंकवाला थांबावे लागते, गणपतीपुढे हात जोडावे लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे तर "गावी कार्य आहे" सांगून खाडा घ्यावा लागतो. फोनवर भाऊ "जय भीम" म्हणाला तर आवाज खाली करावा लागतो. मालकीणबाई कधी अचानक घरी येतील म्हणून भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत जाते. ज्या बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या त्या एकेक करून हळू आवाजात मोडाव्या लागतात. आणि हे सारे घरातली दहा वर्षांची मुलगी पाहत असते. बौद्ध असणे ही लपविण्याची गोष्ट आहे हा धडा तिला शाळेत कोणी शिकवला नाही; घरात मिळाला.

भगिनींनो, ही माझी चिंता आहे. शील मोडल्याबद्दल दंड करणारा कोणी वर बसलेला नाही. शील हे आपल्या मनाचे कुंपण आहे, आणि हे असत्य कुंपणाच्या आतून पोखरते. तरी ज्या बाईच्या पोळ्यांच्या पगारावर दोन मुलांची फी अवलंबून आहे तिला "उद्या जाऊन खरे सांग" असे मी पंख्याखाली बसून सांगणार नाही. ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याने दुसऱ्याच्या चुलीवर सत्याचे प्रयोग करू नयेत. सांगायचे ते वेगळेच आहे: हे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर का?

पुन्हा अमेरिकेकडे वळू. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालला. बसने जाणाऱ्यांत मोठा भरणा गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायकांचा होता. त्या वर्षभर चालत कामाला गेल्या. आपल्याकडे नागपूरचा सोहळा झाला तेव्हाही तो बहिष्कार चालूच होता. त्या शहरात जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक स्वयंपाकीण होत्या. त्यांनी कोर्टात बहिष्काराच्या बाजूने साक्ष दिली, आणि नोकरी गेली. मग त्यांनी घरीच स्वयंपाक सुरू केला. शेजारपाजारच्या बायकांनी केक, पाय, कोंबडीची जेवणे करून विकायची आणि पैसे चळवळीला द्यायचे. या बायकांपैकी कित्येकींचे मालक गोरे होते, नावे कळली तर कामे गेली असती. म्हणून त्यांच्या मंडळाचे नाव काय ठेवले? 'कुठलेच नाही असे मंडळ'! पैसे कुठून आले असे विचारले तर उत्तर: कुठूनच नाही.

'द हेल्प'मधल्या मोलकरणींनी नाव लपवून आपले सत्य सांगितले. माँटगोमेरीच्या बायकांनी नाव लपवून आपली चळवळ चालविली. नाव दोघींनीही लपविले. पण दुसऱ्याचे नाव घेतले नाही, आणि एकटीने काही केले नाही. आपल्याला जमेल ते हे. एका सोसायटीत आपल्या पाच-सहा जणी वेगवेगळ्या घरी जातात, प्रत्येक जण स्वतंत्रपणे भीत असते, आणि जिन्यात भेटल्या तरी एकमेकींना ओळख दाखवीत नाहीत. त्या आधी विहारात एकत्र बसोत. कोणत्या घरात काय विचारतात, कोण खाडे कापते, कोण वेगळा कप ठेवते, हे एकमेकींना सांगोत. आडनाव विचारले तर सहाही जणींनी एकच उत्तर द्यायचे: काम पाहा. सहा जणींना एकदम काढायला सोसायटी कचरते. एकीला काढायला कोणी कचरत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला आहे, त्याखाली नोंदणी होते. आपल्या उपासकांपैकी जे कचेऱ्यांत आहेत त्यांनी एक रविवार अर्ज भरून देण्यासाठी काढावा. मंडळाकडून फार काही हाती पडते अशी भाबडी आशा मी दाखवीत नाही. पण नोंदीच्या कागदावर 'कामगार' लिहिलेले असते, 'मावशी' नव्हे.

यावर कोणी म्हणेल, सगळ्या मालकिणी तशा नसतात. खरे आहे. कित्येक जणी मनाने प्रेमळ असतात. जुनी साडी देतात, मुलांना वह्या देतात, आजारपणात औषध आणतात, "तू आमच्या घरातलीच" म्हणतात. या घरातलीला बसायला खुर्ची मात्र नसते. १९६३ सालचा 'मोलकरीण' हा मराठी चित्रपट वयस्क वाचकांना आठवत असेल. मुलाच्याच घरी आई मोलकरीण होऊन राबते, आणि प्रेक्षक हुंदके देत बाहेर पडत. ते रडले मोलकरणीसाठी की मोलकरीण व्हावे लागलेल्या आईसाठी? घरी परत जाऊन आपल्या मोलकरणीला किती जणांनी कप बदलून दिला?

प्रेमळपणाची परीक्षा कशी घ्यावी हे मज्झिम निकायातल्या एका कथेत भगवंतांनीच सांगितले आहे. श्रावस्तीत विदेहिका नावाची गृहिणी होती. शांत, सोशिक, मृदू असा तिचा गावभर लौकिक. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात आले, बाईंना राग येतच नाही, की माझे काम चोख आहे म्हणून तो दिसत नाही? एके दिवशी ती मुद्दाम उशिरा उठली. बाईंच्या भुवया चढल्या. पुन्हा उशिरा उठली, बाईंच्या तोंडून कडू शब्द आले. पुन्हा उशिरा उठली, तेव्हा बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताने माखलेल्या डोक्यानिशी काली शेजाऱ्यांना हाका मारू लागली: पाहा, पाहा मृदू बाईंची करणी! ही कथा सांगण्यात भगवंतांचा रोख भिक्षूंच्या क्षमाशीलतेकडे होता. पण मालकिणीच्या चांगुलपणाचे माप त्यांनी दासीच्या हाती दिले, शेजाऱ्यांच्या हाती दिले नाही, हे आपण विसरू नये.

आता मला आपल्यातल्या दुसऱ्या वर्गाशी बोलायचे आहे, आणि ते कदाचित रुचणार नाही. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, शाळांत, बँकांत आपली माणसे लागली. फ्लॅट झाले, आणि त्या फ्लॅटमध्येही बाई येऊ लागली. ती कधी आपल्यातलीच असते, कधी मातंग, कधी वाल्मीकी समाजातली, कधी पेठ-सुरगाण्याकडून आलेली आदिवासी मुलगी. तिचा कप कुठे ठेवला जातो? संडास धुणाऱ्या बाईला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते? आपली आई ज्या कपाने आयुष्यभर अपमान प्याली, तोच कप आपल्या खिडकीत तर पालथा पडलेला नाही ना? महाडला पाण्यासाठी म्हणून कोणी गेले नव्हते, हे आपण भाषणात सांगतो. तुमच्या घरातल्या बाईलाही चहाची तहान नाही.

कधी कधी उलटेही घडते. बाई वरच्या म्हणविणाऱ्या जातीतली असते, दिवाणखान्यातली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पाहते, आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. आली तरी आपल्याकडचे पाणी घेत नाही. तिच्यावर रागावू नका, तसबीरही काढू नका. दुसरी बाई मिळेल.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण गृहस्थाला सहा दिशांची वंदना कशी करावी ते शिकविले. त्यांतली खालची दिशा म्हणजे नोकरमाणसे. धन्याने त्यांच्यासाठी काय करावे? शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात काही खास गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा, वेळोवेळी सुटी द्यावी. ही अडीच हजार वर्षांपूर्वीची यादी आहे, आणि तीत कालच्या उरलेल्या भाजीला जागा नाही. ताज्यातला वाटा द्या असे त्यात आहे. सुटीचा पगार कापा असेही कुठे नाही.

आणि शेवटी खुज्जुत्तरेची गोष्ट, कारण ती त्या विहारातल्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ येते. कोसंबीच्या राजा उदयनाची राणी सामावती. तिची दासी खुज्जुत्तरा, पाठीने कुबडी. धम्मपदाच्या अट्ठकथेत तिची हकीकत आहे. राणी तिला फुलांसाठी रोज आठ कार्षापण देई. ही चार घालवी आणि चार ठेवून घेई. एके दिवशी तिने तथागतांचे प्रवचन ऐकले. त्या दिवशी आठही कार्षापणांची फुले आली. आज एवढी फुले कशी, असे राणीने विचारले तेव्हा तिने सगळे सांगून टाकले.

विदेहिकेच्या घरात अडसर उचलला गेला असता. सामावतीने तो उचलला नाही. तू काय ऐकलेस ते आम्हाला सांग, असे ती म्हणाली. दासीला स्नान घालून स्वच्छ वस्त्रे दिली, उंच आसनावर बसविले, आणि राणी आपल्या सख्यांसह खाली बसून ऐकू लागली. पुढे बहुश्रुत उपासिकांमध्ये खुज्जुत्तरा अग्र असे स्वतः भगवंतांनी सांगितले. 'इतिवुत्तक' या ग्रंथातली वचने तिच्यामुळे टिकली अशी परंपरा आहे. खुज्जुत्तरेला सत्य बोलता आले ते तिच्या अंगी धैर्य आले म्हणून, हे तर आहेच. पण ते ऐकून घेणारे एक घर तिला मिळाले. ज्या घरात खरे सांगितले की भाकरी जाते त्या घरात चौथे शील मोडते, तेव्हा ते कोणाच्या हातून मोडते, विचारणाऱ्याच्या की सांगणाऱ्याच्या?

तुमच्या घरी या महिन्यात नवी बाई लागणार असेल तर तिचे नाव विचारा, ती कोणती कामे करील ते विचारा, पगार आणि आठवड्याची सुटी आधीच ठरवा. पहिल्या दिवशी चहा द्याल तो तुमच्या कपांच्या जोडीतल्या कपात द्या आणि खुर्ची पुढे करा. आडनाव विचारू नका. तिने आपणहून सांगितले, तर तुमचेही सांगा.